घोणस अळीचा भादवा

भादवा लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती अळी परत येते. कुणीतरी, कुठून तरी आलेला तोच तो फोटो पुढं ढकलतो. उसाच्या पानावर बसलेली पोपटी अळी, अंगभर काट्यांचे झुपके, पाठीवर निळसर पट्टा. त्याखाली शेतात आडवी पडलेली माणसं, तोंडं पलीकडं वळलेली. आणि वर मोठ्या अक्षरांत 'सावधान'. आता त्या फोटोला कुणी भीत नाही. लगेच कुणीतरी हसणारं तोंड टाकतं, कुणी 'हे जुनं आहे' असं लिहितं. मी मात्र जालन्यातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात, परत आलेल्या पुस्तकांच्या चळतीमागं बसून तो फोटो बघत राहते. खिडकीबाहेर रिक्षांचा धूर असतो आणि माझ्या नाकात ओल्या उसाचा, चुरगळलेल्या केन्याचा वास भरून येतो.

तो फोटो पहिल्यांदा फिरला त्या वर्षी पाऊस थांबायचं नावच घेत नव्हता. आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या पुढं, कालव्याच्या अंगाला. कालवा आल्यापासून तिकडं ऊस. आणि भादव्यातला ऊस म्हणजे नुसती हिरवी भिंत. आत शिरलं की दोन हातांवरचा माणूस दिसत नाही, नुसता पानं सरकल्याचा आवाज येतो. त्या भिंतीत आता मरण बसलंय, असं फोन सांगत होता. घोणस अळी म्हणे. नुसती अंगाला लागली तरी माणूस जागीच गार होतो, पाणी मागायची सवड मिळत नाही. हे नाव कुणी दिलं कुणास ठाऊक, पण घोणस सापाचं नाव लागल्यावर त्या बोटभर जिवाला सापाचंच वजन आलं. बाजारच्या दिवशी भाजीच्या पाट्यांवर वाकलेल्या बाया तेच बोलत होत्या. बैलाला वैरण आणायलाही कुणी उसाकडं फिरकत नव्हतं. मोठी माणसं पँटची टोकं मोज्यांत खोचून शेतात जात होती. संध्याकाळी उसाच्या कडेनं जाताना माणसं गप्प व्हायची, पावलं उचलायची.

मी महालक्ष्म्यांसाठी माहेरी गेले होते. घरात आई, धाकटा भाऊ दत्ता आणि उषावहिनी. अण्णा, म्हणजे आमचे वडील, जाऊन काही वर्षं झाली होती. लक्ष्म्या यायच्या त्या दिवशी सकाळी दत्ता बाजाराला गेला होता, वहिनी पुरणाच्या गडबडीत होती आणि आई पत्री आणायला निघाली. पत्री म्हणजे लक्ष्म्यांना वाहायची पानं. आघाडा, केना, दुर्वा, तेरडा, जे काही बांधावर उगवलेलं असतं ते.

"आत्याबाई, यंदा बाजारातूनच आणू पत्री," वहिनी चुलीपुढून म्हणाली. "लोकं उसाकडं जाऊन न्हाई राह्यले."

"बाजारातली पत्री कुणाच्या बांधावरची, काय म्हाईत?" आई पदर खोचत म्हणाली. "लक्ष्म्यांना आपल्याच बांधावरची लागती."

"पण ती अळी..."

"अळ्या काय आज झाल्या का? चल गं मंदे."

आईचं वय तेव्हा सत्तरीला टेकलेलं. पाठ ताठ, चाल झपझप. मी तिच्या मागं. रात्रभर पडून पाऊस सकाळी उघडला होता. उसाच्या पानांवरून थेंब मानेत पडत होते आणि पानांच्या कडा दंडाला ओरखडत होत्या. आमच्या दोन वावरांमधला बांध चांगला रुंद आहे, गाडी जाईल एवढा. त्यावर आघाडा कमरेइतका वाढला होता. केन्याची निळी फुलं नुकती उघडत होती. आई वाकून खुडत होती आणि मी पिशवी धरून उभी होते. मधूनच मी उसाकडं बघत होते. भीत नव्हते असं म्हणणार नाही. शिकलेलं माणूस म्हणून मी त्या फोटोला हसले होते, पण तिथं, त्या ओल्या हिरव्या भिंतीला पाठ लावून, हसू कुठून आणायचं?

आई ओरडली नाही. "चावली गं माय," एवढंच म्हणाली आणि डावं मनगट धरून खाली बसली.

उसाचं एक पान बांधावर झुकलं होतं, त्याच्या खालच्या बाजूला ती होती. अगदी फोटोतली. पोपटी, काट्यांचे झुपके, निळसर पट्टा. पाय कुठं दिसतच नव्हते. पानाला चिकटून ती इतकी हळू सरकत होती की सरकते आहे हेच कळू नये. आईच्या मनगटावर लाल पट्टा उठला होता आणि बघता बघता तो फुगत होता. तिचा चेहरा घामानं डबडबला. तिनं आयुष्यात विंचवाचा डंख सोसला होता, बाळंतपणं काढली होती, तिचं दुखणं मला माहीत होतं. हे दुखणं तिला सोसवत नव्हतं.

मी दत्ताला फोन लावला, लागला नाही. घरी लावला, कुणी उचलला नाही. मग मला आठवली सबा. ती आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिच्या टेबलावर कायम कुठल्यातरी बाटलीत काहीतरी वळवळत असतं. मी अळीचा फोटो काढला, पहिला हलला, दुसरा काढला, तिला पाठवला आणि खाली लिहिलं : 'आईला लागली. काय आहे? लवकर.' फोटो जाता जात नव्हता. ते वर्तुळ फिरत राहिलं.

"उठ आई. रस्त्यापर्यंत जाऊ. कुणाची तरी गाडी भेटल."

"पळापळ करू नको," ती म्हणाली. "इथंच बैस. येळ न्हाई तेवढा."

"असं काऊन बोलती?"

"बैस म्हणते ना."

मी बसले. ओली माती तिच्या लुगड्याला, माझ्या साडीला लागत होती. तिनं चांगल्या हातानं माझं मनगट पकडलं. तो हात गरम होता आणि तिची पकड एवढी घट्ट होती की दुखावं. ती माझ्याकडं बघत नव्हती, बांधाकडं बघत होती.

"ऐक. माझी राख गंगेला न्यायची न्हाई. दत्ता न्हेतो म्हणंल, तू न्हेऊ देऊ नको. हितं टाकायची. बांधाला."

आमच्याकडं गंगा म्हणजे गोदावरी. घरातल्या सगळ्यांची राख तिथंच गेलेली.

"आई, काही होत न्हाई तुला."

"हितं तुझी बहीण हाय," ती म्हणाली. "तुझ्या आधीची. तुला कुणी सांगितलं नसंल, कोण सांगंल? ती आपसूक न्हाई गेली, मंदे. तिला मी..."

आणि फोन वाजला.

सबा होती. तिचा आवाज एवढा मोठा आणि एवढा मोकळा होता की बांधावर कुणीतरी दिवा लावल्यासारखं वाटलं. "मंदाताई, घाबरू नका बिलकुल. बघितला फोटो. ते जे फिरतंय ना फोनवर, सगळं खोटं. ही एका पतंगाची अळी. गोगलगाईसारखी सरकते बघा, पाय दिसत नाहीत. ही चावतही नाही, तिचे काटे टोचतात. आग होईल, सूज येईल, संध्याकाळपर्यंत उतरेल. चिकटपट्टी असेल तर त्या जागेवर लावून ओढा, म्हणजे राहिलेले केस निघतील. थंड पाणी लावा. दम लागला, ओठ सुजले तर मात्र लगेच दवाखान्यात. पण मरत नाही कुणी हिनं. ऐकताय ना?"

मी ऐकत होते. मला रडूच आलं. मी आईचे खांदे धरून ओरडले, "आई, तू मरत न्हाईस! ती जहरी न्हाईच!"

तिचा त्या वेळचा चेहरा मला आजही पुसता येत नाही. मरणातून सुटलेल्या माणसाचा चेहरा तो नव्हता. एसटी निघाली म्हणून सगळ्यांचा निरोप घ्यावा, न बोलण्यासारखंही बोलून टाकावं, आणि मग गाडी तिथंच उभी राहावी, खिडकीतलं माणूस आणि खालचं माणूस दोघांनी एकमेकांकडं बघत बसावं, तशी ती माझ्याकडं बघत होती. तिनं माझं मनगट सोडलं. तिथं तिच्या बोटांचे वळ उमटले होते.

"मंग काय," ती म्हणाली. "आघाडा राह्यला अजून. घे जल्दी."

शेजारच्या वावरातले रशीदभाई मोटारसायकलवरून चालले होते, त्यांनी आमचे आवाज ऐकून गाडी थांबवली. आई नको म्हणत असताना त्यांनी तिला मागं बसवलं, तिच्यामागं मला. "भाभी, डाक्टरला हात दाखवायला काय जातं? दाखवा आन् या." पिंपळगावच्या डॉक्टरांनी सुई दिली, मलम दिलं आणि हसून सांगितलं की या आठवड्यात असे बरेच लोक येऊन गेले, काहींना तर अळी लागलेलीही नव्हती, नुसतं लागली असं वाटलं होतं. दवाखान्यातले सगळे हसले. आईही हसली. मी तिच्याकडं बघितलं तशी हसायची थांबली.

त्या संध्याकाळी लक्ष्म्या आल्या. आमच्याकडं दोघी बहिणी येतात, थोरली आणि धाकटी, पितळी मुखवट्यांच्या. थोरलीचा मुखवटा आईनं तुळशीपासून आत आणायचा आणि धाकटीचा वहिनीनं, अशी रीत. अंगणापासून कोठीपर्यंत कुंकवाची पावलं काढलेली असतात. ताट वाजत असतं. उंबऱ्याशी आतल्या बाईनं विचारायचं, कोण आलं? आणि मुखवटा घेतलेलीनं सांगायचं. त्या वर्षी आत मी उभी होते. विचारणारी मीच.

"कोण आलं?" मी विचारलं.

आई उंबऱ्यापलीकडं उभी होती. सुजलेल्या हाताला हळद लावलेली. छातीशी मुखवटा. दिव्याच्या उजेडात त्या पितळी तोंडाचे काजळ घातलेले डोळे थेट माझ्याकडं बघत होते. आई काही बोलली नाही. ताट वाजवणाऱ्या बाईचा हात थांबला. वहिनीला वाटलं, आईला चक्कर आली. मी परत विचारलं, आणि विचारताना माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"थोरली," आई म्हणाली. "थोरली आली."

बायांनी ताट पुन्हा वाजवायला घेतलं. सगळं रीतीप्रमाणं झालं होतं. कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणावळी उरकल्यावर मी तिला एकटीला गाठलं. ती ओसरीत उष्टी ताटं एकावर एक ठेवत होती.

"आई, काल बांधावर तू काय सांगत होतीस?"

"कुठं काय? इषाच्या भरात बडबडले आसंल."

"विष नव्हतं ते."

तिनं ताटं उचलली. "न्हाई ध्यानात," ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर मी विचारलं नाही. मी विचारीन म्हणून ती माझ्यापुढं एकटी पडायचं टाळायला लागली. वहिनीला हाक मारून घ्यायची, शेजारणीला बसवून ठेवायची. माझ्या आईनं मला असं टाळलेलं मी आधी कधी अनुभवलं नव्हतं.

त्या बांधावरून येताना मी एक वेड्यासारखी गोष्ट केली होती. उसाचं ते पान अळीसकट तोडून पत्रीच्या पिशवीत वेगळं ठेवलं होतं आणि नंतर एका फराळाच्या डब्यात घालून जालन्याला नेलं. सबाला दाखवायचं होतं, हीच का ती, नक्की का. तिनं भिंगातून बघून सांगितलं, हीच. तिच्या प्रयोगशाळेत ती अळी काही दिवस उसाची पानं कुरतडत राहिली, मग तिनं स्वतःभोवती कोश केला. गोल, तपकिरी, टणक, एखाद्या बीसारखा. आतून पुढं एक पतंग निघाला. बुटका, केसाळ, हिरव्या पंखांचा. त्याला कुणी भ्यावं असं काहीच नव्हतं त्यात. सबा म्हणाली, "याला आता खाता येत नाही. तोंड नावालाच असतं. अळीपणी खाल्लं तेवढ्यावरच."

मी त्या पतंगाकडं बराच वेळ बघत उभी होते. अळी कोण, कुठली, तिचं पुढं काय होतं, सगळं मला कळलं होतं. सबानं शास्त्रातलं लांबलचक नावही कागदाच्या चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवलं. आणि माझ्या बहिणीला मात्र नावच नव्हतं. बारशापर्यंत ती राहिलीच नव्हती, एवढा अंदाज मला एव्हाना आला होता.

हळूहळू घरातल्या जुन्या गोष्टी मला वेगळ्या दिसायला लागल्या. आमच्या घरात एक गंमत नेहमी सांगितली जायची. माझ्या वेळच्या बाळंतपणाला आई माहेरी गेली ती परत यायलाच तयार नव्हती. तिचं माहेर धावड्याचं, भोकरदनच्या पलीकडं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. अण्णा न्यायला गेले की ती आत जाऊन बसायची. मी पालथी पडायला लागले, रांगायला लागले, तेव्हा कुठं ती आली. सगळे हसायचे, की काय बाई माहेराची ओढ! अण्णाही हसायचे. आता ती गंमत कुणी सांगायला लागलं की मी उठून आत जाते.

आणि अण्णा. अण्णांनी मला कधी मारलं नाही, कधी आवाज चढवला नाही. उसातून चालताना ते मला खांद्यावर घ्यायचे, पानं तोंडाला लागू नयेत म्हणून माझ्या डोळ्यांवर तळहात धरायचे. त्यांच्या तळहाताला गुळाचा आणि तंबाखूचा वास यायचा. तो वास मला अजून हवासा वाटतो. आणि त्याच क्षणी मनात येतं, त्या हातांनी बांधाला कधीतरी लहानसा खड्डा केला असेल का? आपल्या आठवणीतल्या माणसाला असं विचारता येत नाही. तो आपला हसत राहतो.

ग्रंथालयात दुपारी कुणी नसलं की मला ती दिसायची. दिसायची म्हणजे कशी, ते सांगता येत नाही. माझ्यापेक्षा मोठी. माझ्या लग्नात पुढं पुढं करणारी, अण्णांच्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात माझ्याऐवजी थांबणारी. कधी मी रस्त्यानं जाताना एखादी बाई पुढं चालत असायची, जराशी वाकलेली, हातात पिशवी, आणि मला वाटायचं, हिला गाठावं. घरात मीच थोरली, असं ऐकत मी मोठी झाले होते. आता कुणी 'थोरली' म्हटलं की मी दचकून मागं बघायचे.

मग ऊस तुटून गेला होता त्या एका उन्हाळ्यातली गोष्ट. मी सुट्टीला गेले होते. दत्तानं वावरं एक करायचं ठरवलं होतं. मधले बांध काढून टाकायचे, सपाट करायचं, ठिबकच्या नळ्या लांबपर्यंत सरळ जातील. त्यात चूक काहीच नव्हतं. सगळेच करत होते. सकाळी जेसीबी आला तेव्हा आई देवळात गेली होती. ती परत आली, अंगणात कुणी दिसलं नाही म्हणून तिनं विचारलं, आणि वहिनीनं सांगितलं, "वावरात हायेत, बांध काढून राह्यले."

आई उन्हात चप्पल न घालता निघाली. मी आणि वहिनी तिच्या मागं पळत गेलो.

जेसीबीनं अजून सुरुवात केली नव्हती. ड्रायव्हर दत्ताला काहीतरी विचारत होता. आई जाऊन बांधावर उभी राहिली. उन्हानं सगळं पांढरं झालं होतं, नजर ठरत नव्हती.

"हे न्हाई काढायचं," ती म्हणाली.

"आई, बोललो होतो ना आपण?" दत्ता म्हणाला. "उगं मधी जागा चालली."

"न्हाई काढायचं."

"पण काऊन? काही कारण सांगशील का न्हाई?"

मी पुढं झाले. मला वाटलं, मी सांगावं. पण आईनं हात वर करून मला थांबवलं.

"माझी लेक हाय हितं," ती म्हणाली. "मंदीच्या आधीची. सासरीच झाली, दिवस भरायच्या आधी. तुमची आजी म्हणली, पयली पोरगी नको, दूध देऊ नको. आन् मी दिलं न्हाई."

दत्तानं ड्रायव्हरला हातानं थांबायची खूण केली.

"अंगात दूध भरून येत व्हतं. लुगडं भिजत व्हतं. ती रडत व्हती, आवाज बारीक बारीक होत गेला. मी भित्ताकडं तोंड करून निजले. कुणी माझे हात धरले नव्हते, दत्ता. मला उठता येत व्हतं."

ड्रायव्हर हळूच गाडीतून उतरून दूर लिंबाखाली जाऊन बसला. वहिनीनं पदर तोंडात धरला आणि तिला हुंदका आवरेना. आई तिच्याकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"आता नको रडू, उषे," ती म्हणाली. "तवा कुणीच रडलं न्हाई."

मग दत्तानं विचारलं, आणि तो किती जपून विचारत होता ते मला दिसत होतं, "आई, जागा सांग. तेवढी जागा ठेवू. वर काहीतरी लावू, तुळस, न्हाईतर चाफा. बाकीचा काढू."

"म्हाईत न्हाई."

"म्हंजे?"

"मला कुणी दाखवलं का? मी बाळंतिणीच्या खोलीत. तुझे अण्णा फडक्यात घेऊन गेले. माघारी आले तवा तुझ्या आजीनं इचारलं, कुठं? ते म्हणले, बांधाला. एवढंच ऐकलं. मंग जन्मभर मी त्यांना इचारलं न्हाई अन् त्यांनी सांगितलं न्हाई." ती लांबपर्यंत गेलेल्या त्या बांधाकडं बघत होती, आणि मग पलीकडच्या, मग कालव्याच्या अंगाच्या. "कुठला बांध, ते बी न्हाई सांगितलं."

म्हणजे सगळेच बांध. पत्रीला, भाजीला, वैरणीला ती इतकी वर्षं ज्या ज्या बांधावरून चालली, ते सगळेच. आमच्या साऱ्या रानात ती एका ठिकाणी नव्हती म्हणून सगळीकडं होती.

दत्ता ड्रायव्हरकडं गेला. त्याला काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. जेसीबी मागं सरकला, वळला आणि धुरळा उडवत गाडीवाटेनं गेला. बांध अजून तसेच आहेत, एकही काढलेला नाही. गावातले लोक दत्ताला विचारतात, तो म्हणतो, राहू द्या, माती धरून ठेवतात.

तो परत आला तेव्हा आई बांधावरच बसली होती. तो तिच्यापुढं उकिडवा बसला. त्याचेही केस आता पांढरे व्हायला लागलेत.

"तू बघितलं व्हतं का तिला?" त्यानं विचारलं.

"बघितलं."

"कशी व्हती?"

आईनं मान वर केली आणि त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं, जणू आधी कधी बघितलंच नव्हतं.

"कान तुझ्यासारखे व्हते," ती म्हणाली. "मोठाले. पुढं आलेले."

दत्ताचा हात आपोआप वर गेला आणि त्यानं आपला कान धरला. उन्हात तो तसाच बसून राहिला, कान धरून.